लाल वर्तुळाच्या आत

७ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू वहिनींना हाक मारली असशील, "अगं, ठकीचं पत्र! काय झालं असेल?" काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे. फोन केला की तू "बरं आहे, बरं आहे" म्हणून वहिनींच्या हातात देतोस. पत्राला तेवढ्यावर भागवता यायचं नाही, म्हणून लिहिते.

गॅरेजच्या मागची शेड अजून माझ्याकडेच आहे आणि लोकांनी टाकलेल्या वस्तूंची कामंही चालूच आहेत, ज्याला तू भंगाराचं दुकान म्हणतोस. गेल्या वर्षी झिजलेल्या चपलांचे तळवे भिंतभर लावले होते. त्याआधी शिंप्यांकडच्या फसलेल्या बाह्या. लोक येतात, बघतात आणि विचारतात, "यात सुंदर काय आहे?" मी म्हणते, "मीही तेच विचारतेय." मग काही जण चिडून जातात. काही थांबतात.

आता इथल्या मोठ्या वाचनालयाने मला त्यांचं दालन दिलंय, नोव्हेंबरात. अठरा फुटांची एक अख्खी भिंत. तिच्यावर मला तुझे कप हवे आहेत. चांगले नव्हेत. तू पस्तीस वर्षं कपांच्या कारखान्यात पट्ट्यावरून उचलून बाजूला काढलेस, ते.

नाही म्हणायच्या आधी एक ऐक. आई गेल्यावर मी आत्याकडे, म्हणजे तुमच्या घरी, सहा वर्षं राहिले. सगळ्यांनी जीव लावला. पण डोळ्यापासून हनुवटीपर्यंत जांभळा डाग असलेल्या पोरीला लोक खाऊ देतात, काम देत नाहीत. तू दिलंस. तुझ्या लग्नात मी अकरा वर्षांची होते आणि तू फोटोवाल्याला म्हणालास, "ही हुशार आहे, छत्री हिला धरू दे." दिवसभर ती उजेडाची पांढरी छत्री धरून मी त्याच्याशेजारी उभी होते. उजेड कुठून पडला की माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. आज जे काही करते ते तिथून सुरू झालं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

कपांचं बघ.

ठकी

१९ फेब्रुवारी

ठकी,

पत्र मिळालं. भिंग सापडत नव्हतं म्हणून वहिनीने वाचून दाखवलं.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? माझं काम काय होतं ते तुला ठाऊक आहे. कप पट्ट्यावरून यायचा. उचलायचा, उजेडात फिरवायचा, नखाने टिचकी मारायची. चांगला कप टण्ण वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. मग बघायचं: कड वाकडी आहे का, झिलई कुठे सुटली का, काळा ठिपका, टाचणीएवढं भोक. सापडलं की तिथे लाल पेन्सिलीने वर्तुळ करायचं आणि कप क्रेटमध्ये. मिनिटाला बारा कप. पस्तीस वर्षांत मी पास केलेल्या मालाबद्दल एक तक्रार आली नाही.

सुंदर म्हणजे काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ज्याच्यात काही सापडत नाही ते पुढे जातं. आता मी नापास केलेल्या पोरांची तू मिरवणूक काढणार, आणि वर मलाच विचारणार, पोरं देता का म्हणून.

मी नाहीच म्हणणार होतो. वहिनी म्हणाली, "तिने जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय." म्हणून कारखान्यात जाऊन आलो. पूर्वी नापास माल लगेच फोडायचा नियम होता. आता फोडणारा माणूसच ठेवलेला नाही. माझ्या शेवटच्या वर्षाचे क्रेट कुंपणाला लागून तसेच पडलेत. पहारेकरी म्हणाला, "न्या साहेब, तेवढीच जागा होईल." एक क्रेट मालाच्या गाडीने पाठवतोय. गवत भरलंय, तरी जपून उघड.

लग्नाचं जे लिहिलंस ते वाचलं.

दादा

११ मार्च

दादा,

क्रेट आला! चौऱ्याण्णव कप, वाटेत एकही फुटला नाही. फुटके कप न फोडता पाठवल्याबद्दल तुझे आणि गाडीवाल्याचे आभार.

मी काय करणार ते सांगते. जोडणार नाही, रंगवणार नाही. प्रत्येक कप माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगणार, तुझं लाल वर्तुळ समोर येईल असा. उजेड बाजूने. कालच चार टांगून बघितले. एकाच्या कडेला झिलई सुटून खालची माती दिसते, खरखरीत, करडी. मी तिथे बोट ठेवलं, तर दादा, सबंध कपात तेवढ्याच जागी बोटाला काहीतरी लागलं. बाकी सगळं निसटून जातं. हे तुला वेडेपणाचं वाटेल. पण तू पस्तीस वर्षं त्याच जागा शोधत होतास आणि मीही तेच करतेय. तू शोधून बाजूला काढायचास, मी शोधून पुढे आणते. आपण एकाच धंद्यातले आहोत की!

एक शंका आहे. एका कपावर वर्तुळ आहे आणि वर्तुळाच्या आत काहीच नाही. मी भिंगातून पाहिलं, दिव्यापुढे धरलं, तू लिहिलंस तशी टिचकी मारली. टण्ण. आज गॅरेजवाल्याला दाखवला. तो गाड्यांचे पत्रे ठोकतो, त्याची नजर पक्की आहे. तो म्हणाला, "ताई, हा तर नवाकोरा आहे." यात काय खोट आहे ते कळव. मला ते शिकायचंय.

अजून क्रेट मिळतील का?

ठकी

२ एप्रिल

ठकी,

ओळी वाकड्या गेल्या असतील. हे पत्र वहिनीकडून लिहून घेण्यासारखं नाही.

त्या कपात खोट नाही.

शेवटच्या वर्षी माझी नजर जायला लागली. जिथे बघावं नेमकं तिथेच धूर दिसतो, कडेकडेचं दिसतं. कप समोर धरला की ठिपका कपावर आहे की माझ्या डोळ्यात, ते कळेना. सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं. कारखान्यात मला लोक "गरुड" म्हणायचे. गरुडाने कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग मी एक केलं. खराब माल माझ्या हातून बाहेर जायला नको होता. म्हणून जिथे शंका आली तिथे वर्तुळ काढलं आणि कप क्रेटमध्ये टाकला. शंका रोज वाढत गेली. साहेब म्हणायचे, "वय झालं तशी तुमची नजर आणखी कडक झाली." मी मान डोलवायचो. भट्टीवाला बिचारा आपलंच काही चुकतंय म्हणून धग तपासत बसायचा. निरोपाच्या दिवशी त्यानेच मला हार घातला.

दोन वर्षं झाली, हे कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही. भिंग कुठे हरवत नाही, भिंगातूनही मला वाचता येत नाही. तू त्या कपाचं विचारलंस आणि मला तुझ्याशी खोटं बोलवेना. आणखी दोन क्रेट पाठवलेत. त्यात असे किती निघतील, मला माहीत नाही.

दादा

८ एप्रिल

दादा,

एकतीस निघाले. पहिला धरून बत्तीस.

आधी भांडण. हे पत्र वाचायला वहिनींच्याच हातात जाईल, तेव्हा त्यांना सगळं सांगून टाक आणि डॉक्टरकडे जा. तू गेला नाहीस तर मी येऊन तुला उचलून नेईन, आणि माझ्या हातात किती जोर आहे ते गॅरेजवाल्याला विचार. इथे डोळ्यांचं चांगलं रुग्णालय आहे, शेडपासून दोन वळणांवर. दोन वर्षं त्या माऊलीला भिंग शोधायला लावलंस! लाज नाही वाटली?

आता दुसरं. तू हे मला सांगितलंस याबद्दल काय म्हणू? आयुष्यभर मी धाकटी. मला कुणी कधी कशाची कबुली दिली नव्हती. ते बत्तीस कप मी एका रांगेत लावले आणि त्यांच्यापुढे स्टूल टाकून दुपारभर बसले. काहीही दोष नसताना बाजूला काढलेले. माझं सगळं काम त्या रांगेभोवती उभं राहणार, हे मला तिथेच कळलं.

म्हणून मी ठरवलंय की दालनाच्या दाराशी एक मोठी पाटी लावायची. तिच्यावर तुझ्या लग्नातल्या छत्रीची गोष्ट लिहायची आणि खाली: "ज्याने माझा चेहरा न बघता मला काम दिलं, त्या भावाला." मजकूर लिहून झाला आहे. वाचनालयाच्या बाई तो वाचून रडल्या. महिनाअखेरीस रंगाऱ्याकडे देते.

ठकी

२६ एप्रिल

ठकी,

ती पाटी रंगवू नकोस.

आधी डोळ्यांचं. वहिनीला सांगितलं. आपल्या गावच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. उजवा गेला तो गेला. डावा इंजेक्शनं घेऊन टिकवता येईल, दर महिन्याला एक. त्यासाठी त्यांनी तुझ्या इथलंच रुग्णालय सांगितलंय. दोन वर्षं आधी आला असतात तर, असं म्हणाले.

आता लग्नाचं. फोटोवाला सकाळी हॉलच्या दारात मला विचारत होता, घरचे कोण कोण म्हणून. मी एकेक नाव सांगत होतो. तू निळा फ्रॉक घालून पहिल्या रांगेत येऊन उभी राहिली होतीस, सगळ्यांच्या आधी. मी त्याला बाजूला नेलं आणि म्हणालो, "ती पोरगी फोटोत यायला नको. तिला काहीतरी कामाला लाव." छत्री ही त्याची कल्पना. "ही हुशार आहे" हे मी तुझ्यासमोर म्हणालो, ते तू रडू नयेस म्हणून.

मला कुणी सुचवलं नव्हतं. आईने नाही, वहिनीच्या माहेरच्यांनी तर नाहीच. मी माझ्या मनाने केलं. आल्बममध्ये एकोणचाळीस फोटो आहेत. तू एकातही नाहीस. कप मला शेवटच्या वर्षी दिसेनासे झाले. लग्नाच्या दिवशी माझे डोळे चांगले होते आणि मी सव्वीस वर्षांचा घोडा होतो.

तू पहिल्या पत्रात आभार मानलेस, तेव्हाच सांगायला हवं होतं. बरं वाटलं म्हणून गप्प राहिलो. पण लोकांसमोर लावलेले आभार मला पचायचे नाहीत. तू आता कप लावू नयेस असं वाटलं तर लावू नकोस. कारखान्यात आणखी क्रेट आहेत, तेही हवे असतील तर पाठवतो.

दादा

२ ऑगस्ट

ठकी,

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुझं पत्र येऊन तीन महिने उलटून गेले. हे रोज अकराला फाटकापाशी जाऊन उभे राहतात. पोस्टमन त्यांना दिसत नाही, सायकलच्या आवाजावरून ओळखतात. सायकल पुढे गेली की आत येऊन म्हणतात, "आज ऊन फार आहे."

मी त्यांची वकिली करायला बसलेले नाही. मला हे सगळं एप्रिलात कळलं, तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही. एक दिवस डोळ्यांचं लपवलं म्हणून आणि एक दिवस तुझं लपवलं म्हणून. तू किती दिवस बोलायचं नाहीस, ते तू ठरव.

सोबत एक फोटो ठेवलाय. लग्नाच्या दिवशी शेवटी फोटोवाला पाणी प्यायला गेला आणि तू हळूच बटण दाबलंस, आठवतं? त्याने आल्बम आणून दिला तेव्हा हा वेगळा ठेवला होता. म्हणाला, "हा फसलाय, फेकून द्या." माझे डोळे मिटलेले, ह्यांचं तोंड उघडं, मध्ये कुणाच्या तरी खुर्चीची पाठ. आम्ही दोघं कशाला तरी हसतोय. कशाला ते आता दोघांनाही आठवत नाही. बाकीच्या एकोणचाळीस फोटोंत आम्ही मेणाचे पुतळे आहोत.

मी हा टाकला नाही. कपाटात माझ्या कपड्यांच्या तळाशी ठेवला. या घरात भांडण झालं, की मी तो काढून बघत आले. आपलं लग्न झालं होतं ते याच माणसाशी, याची खात्री करून घ्यायला. पस्तीस वर्षं या फोटोने मला सांभाळलंय. तो काढल्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.

बघून झाला की परत पाठव. तो माझा आहे.

वहिनी

१३ ऑगस्ट

दादा,

वहिनींनी मला लिहिलं. त्यांच्यावर रागावू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एक अख्खा क्रेट फोडला. एकेक कप उचलून शेडच्या मागच्या भिंतीवर. गॅरेजवाला धावत आला. म्हणाला, "ताई, हेच काम होतं तर आधी सांगायचं, मी गाड्या लांब लावल्या असत्या." एरवी मी हसले असते. मग शेडला कुलूप घातलं. मे, जून, जुलै. वाचनालयाच्या बाई दोनदा येऊन दार वाजवून गेल्या.

मला त्या फ्रॉकचं वाईट वाटत होतं. पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून मी लवकर जाऊन उभी राहिले होते, हे मी स्वतःच विसरले होते. तुझ्या पत्राने आठवलं. मला वाटायचं, निदान एका माणसाने तरी आधी चेहरा पाहिला नाही. तू तेही काढून घेतलंस. खोटं बोलत राहिला असतास तर बरं झालं असतं, असं महिनाभर वाटत होतं.

मग हा फोटो आला. मी तो त्या बत्तीस कपांसमोर ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. छत्री मी धरली होती. हात भरून आले होते, खांदा दोन दिवस दुखत होता. उजेड मी पाहिला होता. ते तू दिलं नव्हतंस, पण मला मिळालं होतं. त्यात खोटं काही नाही.

तेव्हा मी आभार परत घेत नाही. फक्त माणूस बदलते. त्या सव्वीस वर्षांच्या घोड्याचे नव्हेत. अधू डोळ्यांनी, वाकड्यातिकड्या ओळींत दोन पानं लिहून ज्याने मला खरं सांगितलं, त्याचे. ते तुला पचवावे लागतील.

पाटी लावत नाही. कुलूप कालच काढलंय. नोव्हेंबराच्या बारा तारखेला दोघं या. भिंतीवरचा कप कुणीही हातात घेऊ शकेल, टिचकी मारून ऐकू शकेल, असंच मी लावणार आहे. तुझे कान शाबूत आहेत ना?

ठकी

२४ नोव्हेंबर

ठकी,

(लिहितेय मी, सांगतायत हे. जसं सांगतात तसं लिहायचं असा करार आहे. – वहिनी)

घरी सुखरूप पोचलो. तिसरं इंजेक्शन झालं; तुझं पत्र येईपर्यंत तुझ्या गावात पाऊल टाकायचा धीर झाला नव्हता. डावा डोळा आहे तिथे थांबलाय, डॉक्टर खूष आहेत.

तुझ्या भिंतीबद्दल तिथे मला बोलता आलं नाही. आता सांगतो. मी डावीकडून सुरुवात केली, एका हाताने चाचपत, दुसऱ्या हाताने टिचकी मारत. टण्ण, टण्ण, बद्द, टण्ण. माझ्या मागे माणसं उभी राहिली होती ते मला कळलंच नाही. (दहा-बारा जण होते. हे गवयासारखे मान हलवत चालले होते. – वहिनी)

वाकड्या कडांच्या कपांपाशी भट्टीवाला भेटला. मी पत्र घातलं होतं, पण तो एवढ्या लांब येईल असं वाटलं नव्हतं. म्हणाला, "हे माझ्या भट्टीतले. त्या आठवड्यात धग एका बाजूला जात होती. तेव्हा तोंड लपवायला जागा नव्हती, आणि इथे लोक वाकून वाकून बघतायत." मी त्याला हात धरून मधल्या रांगेपाशी नेलं. म्हणालो, "हे बत्तीस बघ. यात तुझं काही चुकलेलं नव्हतं. माझी नजर गेली होती आणि मी सांगितलं नाही." त्याने त्यातला एक काढून दोनदा वाजवला. मग म्हणाला, "तेवढ्यासाठी मी वर्षभर भट्टीपुढे भाजून निघालो होय?" आणि मग हसला. नंतर चहाला त्याने माझा कप आणून दिला, माझ्याकडून सांडेल म्हणून अर्धाच भरून.

शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग हे कप चांगले आहेत म्हणायचे का?" मी चेकर, मला असा प्रश्न पस्तीस वर्षांत हजारदा विचारलाय लोकांनी. पहिल्यांदाच मी तो दुसऱ्याकडे ढकलला. मी म्हणालो, "जिने लावलेत तिला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं."

आभार मला मानता येत नाहीत हे तुला माहीत आहे. वहिनी म्हणते, दोन शब्द सांगा, मी लिहिते. तर लिही: तू बोलावलंस म्हणून मी आलो. आलो म्हणून हलका झालो. ठकी, तुझे उपकार आहेत.

(हे म्हणताना रडले. लिहू नको म्हणाले, पण करार आहे. – वहिनी)

दादा

१ डिसेंबर

दादा, वहिनी,

फोटो रजिस्टरने परत पाठवलाय. पोचल्याचं कळवा.

तुम्ही गेल्यावर इथे एक नवीनच प्रकार सुरू झाला. लोक घरून वस्तू आणून शेडच्या दाराशी ठेवायला लागलेत. कान तुटलेली किटली, काटा वाकलेलं घड्याळ, एका पायाचं स्टूल. एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतःचा चष्मा आणून दिला, एका काचेला चीर गेलेला. म्हणाल्या, "यातून मी वीस वर्षं नवऱ्याचं तोंड बघितलं, टाकवत नाही." सकाळी दार उघडलं की आधी वाट काढावी लागते. गॅरेजवाला म्हणतो, त्याच्या गाड्यांना जागा उरली नाही. म्हणतो आणि संध्याकाळी स्वतःच आत लावून ठेवतो.

माझ्या एकटीच्याने हे आवरायचं नाही. प्रत्येक वस्तूला काय झालंय, ते नीट हातात घेऊन, वाजवून, चाचपून सांगणारं कुणीतरी हवं. दर महिन्याला इंजेक्शनाला येतोसच. दोन दिवस आधी ये आणि इथे बस. लिहून घ्यायला वहिनी आहेतच, त्यांचे शेरे मला हवेच आहेत. काम किचकट आहे आणि साहेब कडक आहे, आधीच सांगून ठेवते.

शेडला तीन पायऱ्या आहेत. मधली हलते. मी दारात उभी असेन, माझ्या खांद्यावर हात ठेवून चढ.

ठकी